मदत हवी आहे: मार्चमध्ये दांडेलीला धनेश (हॉर्नबिल) पक्षी कुठून बघावेत?

मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन दांडेलीला जातोय. काळा बिबट्या दिसला तर नशीबच, पण आमचा जीव अडकलाय तो धनेशांत. तिथल्या काळी नदीच्या खोऱ्यात महाधनेश, मलबारी कवड्या, मलबारी राखी आणि आपला नेहमीचा राखी असे चारही धनेश आहेत.

मात्र हा त्यांच्या विणीचा काळ. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर तिथून तिला उंबर-वडाची फळं भरवतो. खाली माणसांचा गराडा पडला की तो जवळ यायला बिचकतो आणि आतली मादी-पिल्लं उपाशी राहतात. त्यामुळे ढोलीखाली नेऊन उभं करणारा गाइड आम्हाला नकोच.

राफ्टिंगच्या गोंगाटापासून लांब, फळांनी लगडलेली झाडं समोर दिसतील अशी नदीकाठची जागा कुणाला माहीत आहे का? बाबांच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही, सपाट वाटच हवी. पक्ष्यांची खरी जाण असलेला स्थानिक गाइड कसा शोधायचा? आणि 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण आहे, उंच शेंड्यावरच्या पक्ष्यांसाठी ती पुरेल ना?