कोरोनाचा स्वॅब निगेटिव्ह आला, पण खोकल्याचं काय?
"महामारीत केंद्राने खाटा, ऑक्सिजन आणि लस सोडून दुसरीकडे बघायचंच नव्हतं" असं काही जण म्हणतात. ऑक्सिजनचं शंभर टक्के पटतं. पण त्या "सोडून"ला माझा विरोध आहे. २०१९ मध्ये देशात क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाखच. रोग हटला नव्हता, शोधणं मंदावलं होतं. क्षय तपासणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रं कोरोनाच्या तपासणीला लावली, आशाताई घरोघरच्या सर्वेक्षणात अडकल्या. खोकल्याच्या रुग्णाची दोन्ही आजारांसाठी तपासणी करा, अशी सूचना केंद्राने ऑगस्ट २०२० मध्ये काढली खरी, खाली ती किती पोचली ते आमच्या घरानं बघितलंय.

माझा चुलतभाऊ शिरोलीला फौंड्रीत कामाला. त्याच पावसाळ्यात खोकला धरला. दोनदा स्वॅब दिला, दोन्ही वेळा "निगेटिव्ह आहे, घरी जावा." थुंकी तपासायचं कुणी नावच काढलं नाही. दिवाळीनंतर गावातल्या आशाताईंच्या लक्षात आलं, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती. त्यांनीच डबी आणून दिली, सकाळची पहिली थुंकी घेऊन स्वतः दवाखान्यात पोचवली. तोवर त्याच्या चार वर्षांच्या पोरीलाही लागण झालेली. सहा महिने बाप-लेक शेजारी बसून गोळ्या घ्यायचे. आता दोघं बरे आहेत. पण पहिल्या स्वॅबच्या दिवशीच ती डबी त्याच्या हातात पडायला हवी होती.