यादी दिसते, पण कर्नल ‘कनेक्टिंग’वरच अडकतो

व्हीएस कोड या एडिटरमध्ये रिमोट ज्युपिटर नोटबुक सर्व्हरवरचे कर्नल (सेलमधला कोड प्रत्यक्ष चालवणारे प्रोग्रॅम) यादीत दिसतात, पण नोटबुकची सेल, म्हणजे कोडचा तुकडा, चालवली की नुसतं चक्र फिरत राहतं, असा तुमचा प्रश्न आहे. आधीच्या एका उत्तरात टोकन (सर्व्हरचा पासवर्डसारखा कोड) पुन्हा टाकून बघायला सांगितलंय, पण त्यानं फरक पडेल असं वाटत नाही. टोकन चुकलं असतं तर यादीच आली नसती.

यादी साध्या एचटीटीपीवर येते. सेलचा कोड आणि आउटपुट मात्र वेबसॉकेटवरून, म्हणजे दोन्ही बाजूंनी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून जातात. मध्ये एन्जिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ) असेल आणि त्यात वेबसॉकेटसाठी लागणारे ‘अपग्रेड’ व ‘कनेक्शन’ हे हेडर पुढे पाठवलेले नसतील, तर नेमकं हेच होतं. प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्तीही १.१ ठेवावी लागते. खात्री करायची तर तीच यूआरएल ब्राउझरमध्ये उघडून एखादी सेल चालवा. तिथेही अडकली तर एडिटरला दोष देऊ नका. (एडिटरचं ज्युपिटर एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाकण्यात लोक उगाच अख्खी दुपार घालवतात.)

प्रॉक्सी तुमच्या हातात नसेल, पण सर्व्हरवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिनची सोय) असेल, तर त्यातून पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे सर्व्हरचा पोर्ट आपल्या मशीनवर आणून, थेट ज्युपिटरच्या पोर्टला जोडा. नेहमीचा पोर्ट ८८८८, पण तो आधीच व्यापलेला असला तर ज्युपिटर गुपचूप पुढचा घेतो; सुरू होतानाचा लॉग वाचा.

माझं मत विचाराल तर व्हीएस कोडचं रिमोट-एसएसएच हे एक्स्टेन्शन वापरा; त्यानं एडिटर थेट सर्व्हरवर काम करतो. कर्नल तिकडेच सुरू होतो, फक्त तिथल्या पायथन एन्व्हायर्नमेंटमध्ये आयपीवायकर्नल (पायथनचा कर्नल देणारं पॅकेज) हवं. ज्युपिटर सर्व्हर वेगळा चालवायचीही गरज नाही.