१५ क्विंटल कोबी फुकट द्यायचाय, वाटून घेणारं कुणी बेळगावात आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बेळगावजवळच्या कडोली भागातला शेतकरी. ३० गुंठे कोबी आहे, आठ-दहा दिवसांत कापणीला येईल आणि भाव आत्ताच पार झोपलाय. परवा शेजाऱ्याची १२ पोत्यांची पट्टी, म्हणजे अडत्याकडचा विक्रीचा हिशोब, आली, टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई सगळं वजा जाऊन त्यालाच खिशातनं ४० रुपये घालायला लागले. बाजारात नेऊन पदरचे घालण्यापेक्षा निदान एक टेम्पो, म्हणजे १५ क्विंटल, ज्यांच्या पोटाला लागणाराय त्यांना द्यायचा असं घरात ठरलंय. कुणाला आणि कसा, ते विचारायला हा धागा.

गेल्या वर्षी असंच झालं तेव्हा मी उभ्या कोबीवर रोटर मारला. निम्मं रान झालं असेल तेवढ्यात ऊसतोड टोळीतल्या दोन बायका बांधावर येऊन उभ्या, सोबत एक बारकं पोर, आणि हात करून म्हणाल्या दादा जरा थांबवा की ट्रॅक्टर, चार गड्डे घेतो. मी थांबवला. त्या पदरात गड्डे भरत होत्या आणि ते पोर तिथंच बसून कोबीचं पान सोलून कच्चंच खायला लागलं. पंधरा दिवस झाले भाकरीबरोबर ठेचाच आहे, असं त्यातली एक बोलली. बाकीचं निम्मं रान मी त्या दिवशी तसंच सोडलं, सगळी टोळी येऊन नेऊ दे म्हणून. आमची आजी रताळी काढून झाली की मागं राहिलेला सरवा कधी घरी आणू द्यायची नाही, सरवा वेचणाऱ्याचा म्हणायची. आणि मी अख्खं पीक मातीत घालत होतो.

मग यंदा जानेवारीत टोमॅटोच्या वेळी प्रयत्न केला. एका आश्रमात ४० क्रेट घेऊन गेलो, त्यांनी चांगलं बोलून दोन क्रेट उतरवून घेतले, बाकीचं ठेवायला जागा नाही, नासलं तर वास सुटेल. त्यांचं पण बरोबर. दुसरीकडं फोन केला तर ते लग्नाच्या हॉलमधलं शिजवलेलं अन्न नेतात, कच्ची भाजी नाही. संध्याकाळपर्यंत टेम्पो फिरवून भाडं दुप्पट झालं.

तेव्हापासून हिशोब डोक्यात बसलाय. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या पोराला दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरतात, सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम. म्हणजे २०० पोरांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला १० किलो. माझा एक टेम्पो म्हणजे तसल्या १५० शाळांची एका दिवसाची भाजी! देणारा आहे, खाणारा आहे, मधे फोडून वाटणारा कुणी नाही. फूड बँक म्हणतात ती हेच काम करते ना? वाचलं की पहिली फूड बँक १९६७ साली अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल या माणसानं काढली, आणि त्याच्या आधी तो लोकांच्या झाडांवर राहिलेली फळं उतरवून गरिबांच्या जेवणाला द्यायचा. म्हणजे सरवाच की.

तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही कच्चा माल घेऊन पुढं वाटणारं कुणी माहीत असेल तर सांगा. भाडं निम्मं मी घालतो. दुसरं म्हणजे खाऊन कुणाला काही झालं तर माझ्यावर केस येते का, घरचे त्यालाच भितात. आणि अर्ज कन्नडमधून द्यायला लागेल, मला बोलता येतं पण लिहिताना चुका होतात, कुणी लिहून देईल का?

प्रतिसाद १
दादा, मी खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते. पीएम पोषणमध्ये, म्हणजे शाळेच्या पोषण आहारातच, तिथी भोजन म्हणून लोकसहभागाची सोय आहे, मुख्याध्यापक आणि एसडीएमसीला, म्हणजे पालकांच्या शाळा समितीला भेटा. एका शाळेला २० किलोच्या वर देऊ नका, दोन दिवसांत संपेल तेवढंच. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याच्या मीटिंगला सगळे मुख्याध्यापक एकत्र येतात, त्या दिवशी पोती घेऊन गेलात तर जो तो आपली घेऊन जाईल, तुमचा टेम्पो एकाच ठिकाणी थांबेल. अर्ज मी लिहून देते, मेसेज करा.

प्रतिसाद २
केसचं म्हणाल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम १८ मध्ये स्पष्ट आहे, शेतकऱ्याला आणि शेतातल्या पिकाला तो कायदा लागू नाही. जास्तीचं अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थांना २०१९ चे वेगळे नियम आहेत, ते त्यांनी बघायचं. पण फवारणीचं मात्र मनापासून सांगतो, शेवटचं औषध कधी मारलं ते बघा, डब्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं लिहिलेलं असतं ते भरल्याशिवाय एक गड्डा देऊ नका, लहान पोरं खाणार आहेत. दव वाळल्यावर कापा, बाहेरची दोन-तीन पानं ठेवा, ओला कोबी पोत्यात भरला की दुसऱ्या दिवशी आतनं काळा पडतो.

धागाकर्ता
बाई, मेसेज केलाय. फवारणी बरी आठवण केली, शेवटची झाल्याला सहा दिवस झालेत, डबा शोधून बघतो आणि दिवस भरल्यावरच कापतो. टोळीला ४ पोती आधीच काढून ठेवणार. शाळांना गेलं तरी सात-आठ क्विंटल उरतंय, शहरात मार्केटच्या आसपास कुणाकडं दोन दिवसांपुरती सावलीची, वारं खेळणारी खोली असेल तर कळवा. पोती उतरायला आणि वाटायला मी आणि भाऊ येतो.