मदत हवी आहे : पोर्ट फॉरवर्ड करूनही ‘क्लोज्ड’च दाखवतंय

कटकट्या : क्यूबिटटॉरेंटमध्ये (फाइल वाटायचं टॉरेंट सॉफ्टवेअर) पोर्ट ५१४१३ टाकला, रूटरवर फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून येणारं लॅपटॉपकडे वळवलं, विंडोजची फायरवॉल बंद केली. तरी पोर्ट बंदच. सीडिंग शून्य, माझ्याकडून फाइल कुणाकडेच जात नाही. आज रात्रीपर्यंत व्हायला हवंय.

वायरमन : कनेक्शन कुठलं? फायबर की सिमवालं? वॅन आयपी, म्हणजे रूटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय?

कटकट्या : ५जीचा डबा. आयपी १९२.१६८.१.७.

वायरमन : हा तुमच्या लॅपटॉपचा. रूटरच्या स्टेटस पानावर वॅनसमोर काय आहे ते सांगा. आणि ती फायरवॉल आधी चालू करा, फक्त क्यूबिटटॉरेंटला परवानगी द्या.

शांताराम_२०१० : वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका, स्पीड वाढेल.

वायरमन : स्पीडबद्दल कोण विचारतंय?

कटकट्या : वॅन १००.७१ ने सुरू होतो.

वायरमन : मग संपलंच. १००.६४ ते १००.१२७ ही रेंज इंटरनेट कंपनीच्या नॅटसाठी (एक पत्ता अनेकांत वाटायची सोय) २०१२ साली राखून ठेवलीय. एकच पब्लिक आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. बाहेरून आलेलं पॅकेट कंपनीच्या नॅटवरच पडतं, तुमच्या डब्यापर्यंत पोचतच नाही. पोर्ट बदलून काही होणार नाही.

पेंग्विन_पेठकर : टेलस्केल (मशीनी खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं अ‍ॅप) टाका, पाच मिनिटांचं काम.

वायरमन : ते आपल्याच मशीनींसाठी. टॉरेंटचे अनोळखी पीअर, म्हणजे फाइल घेणारे-देणारे, त्यात कसे येणार? त्यातलं फनेल, म्हणजे बाहेरच्यांना आत घ्यायची सोय, म्हणाल, तर ते ४४३, ८४४३ आणि १०००० एवढ्याच पोर्टांवर, तेही टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) असेल तरच. व्हीपीएस, म्हणजे पब्लिक आयपीवाला भाड्याचा सर्व्हर, घ्या, वायरगार्डने (व्हीपीएन) पोर्ट घरी आणा. कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारं पॅकेट, दर २५ सेकंदांनी ठेवा, नाहीतर नॅट वाट विसरतं.

पेंग्विन_पेठकर : एका पोर्टासाठी दर महिन्याला भाडं? आयपीव्ही६ (व्ही६, नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) बघा की आधी. २ ने सुरू होणारा पत्ता असेल तर फॉरवर्डिंग लागतच नाही, रूटरच्या व्ही६ फायरवॉलमध्ये परवानगी दिली की झालं. एफई८० ने सुरू होणारा मात्र घरच्या नेटवर्कबाहेर चालत नाही.

वायरमन : कंपनीनेच आत येणारं व्ही६ अडवलं असेल तर?

मधलीसुट्टी : एक विचारू? पाठवायचंय काय, आणि किती जणांना?

कटकट्या : कार्यक्रमाचं शूटिंग, ४० जीबी. एकालाच, नाशिकला. त्याच्याकडेही सिमवालाच डबा आहे.

मधलीसुट्टी : एकाच माणसासाठी टॉरेंट!! सिंकथिंग (दोन मशीनींत फोल्डर जुळवणारं सॉफ्टवेअर) टाका दोन्हीकडे, डिव्हाइस आयडी एकमेकांना द्या, फोल्डर शेअर करा. पोर्ट उघडावा लागत नाही. मग त्याच्या नावाखाली काय लिहून येतं ते बघा. ‘क्विक वॅन’ किंवा ‘टीसीपी वॅन’ असेल तर थेट जोडलंय. ‘रिले वॅन’ असेल तर दुसऱ्याच्या सर्व्हरवरून चाललंय. फाइल एन्क्रिप्टेड राहते, पण रात्रीत ४० जीबी अवघड.

पेंग्विन_पेठकर : टेलस्केलनेही हेच झालं असतं.

शांताराम_२०१० : ६४ जीबीचा पेनड्राइव्ह कुरिअर करा. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही.

कटकट्या : ‘रिले वॅन’ दाखवतंय. ६०० केबी.

मधलीसुट्टी : सेकंदाला ६०० म्हणजे साधारण १९ तास. दोन्हीकडे व्ही६ चालू आहे का?

कटकट्या : ते कुठे बघायचं?