मुलाचा ताबा बदलून घ्यायचा आहे, वडील तोंडी 'घेऊन जा' म्हणतात. मदत हवी आहे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माहेरी राहते. 2021 मध्ये आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. तेव्हा माझ्या हाताला काम नव्हतं, घरी भाऊ-वहिनी आणि दोनच खोल्या. म्हणून मुलगा वडिलांकडे राहील, मी दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेटेन, असं लिहून दिलं. पोटगीही सोडली. तो पाच वर्षांचा होता.

आता तो नऊचा आहे. वडिलांनी दुसरं लग्न केलं, ते चाकणला कंपनीत आहेत. मुलगा मात्र मानोऱ्याकडे (वाशिम जिल्हा) खेड्यात आजीजवळ. आजीला मोतीबिंदू, भाजीतलं मीठसुद्धा हाच चाखून सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला गेले तर बोटांची टोकं सोललेली. कापूस वेचताना बोंडाच्या काट्यांनी झालेलं. "मले दुखत नाही, आई," म्हणाला आणि हात पाठीमागे नेला. शर्टाचं एक बटन काळ्या दोऱ्यानं त्यानं स्वतः लावलेलं होतं.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे, शिवणकामही करते, वेगळी खोली घेतली आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून एकही रविवार चुकवला नाही. त्याच्या गावची शाळा चौथीपर्यंतच आहे, माझ्या गावात सातवीपर्यंत.

वडिलांना फोन केला तर म्हणतात, "घेऊन जा, कोर्ट कशाला? फक्त खर्च मागू नको." भाऊही तेच म्हणतो. पण शाळेत टीसी मागायला गेले तर कोर्टाच्या कागदावर ताबा वडिलांचा, त्यांची सही आणा म्हणाले. ते सहीला येत नाहीत. आणि उद्या मन बदललं तर? मला कागदच हवा.

तालुका विधी सेवा समितीत जाऊन आले. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे तिथे कळलं, अर्ज दिला आहे. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली तो नंतरही बदलून मागता येतो, असंही सांगितलं. 'लेकरू आईलाच देतात' असं गावात सगळे म्हणतात, पण ती गोष्ट पाच वर्षांखालच्या मुलांची. पुढे मुलाचं हित बघतात. त्यामुळे नुसतं आई आहे म्हणून भागणार नाही, हे मला समजतं.

अडतंय ते असं. निकाल यवतमाळच्या कोर्टाचा आहे. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात मात्र मूल राहतं तिथलं कोर्ट धरतात, म्हणजे वाशिमकडचं. कलम 26 चा अर्ज यवतमाळलाच करता येईल ना? वडील तयार झाले तर दोघांच्या सहीने पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) देऊन लवकर होतं का? विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर निदान टीसीपुरता तात्पुरता आदेश मागता येतो का?

दुसरं, माझी पोटगी मी सोडली, पण मुलाचा खर्च मागणार नाही अशी सही मी करावी का? तो हक्क त्याचा आहे ना? इथे चुकायचं नाही मला.

आत्याबाईंचं (त्याच्या आजीला, माझ्या सासूबाईंना, अजून तसंच म्हणते) वाईट वाटतं. चार वर्षं लेकरू त्यांनीच वाढवलं. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी त्याने आजीकडे राहावं, हे मी अर्जातच लिहून देणार आहे. कोणी अशी अट घातली असेल तर कशी लिहिली ते सांगा.

आणि एक. मुलगा समजता असला तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात म्हणे. तो मला म्हणतो "तुझ्याजवळ येतो", आजीला म्हणतो "तुले सोडून जात नाही". दोन्ही खरंच आहे. त्याला आजीसमोर विचारणार नाहीत, एकट्याशी बोलतील, अशी विनंती करता येते का? ज्यांच्या मुलाला असं विचारलं गेलं त्यांनी कृपया सांगा.