जाळीआधी ड्रमचा वेग बघा
भाऊ, मक्याचा दाणा फुटतो म्हणून तुम्ही हार्वेस्टरची जाळी (कणसं झोडणाऱ्या फिरत्या ड्रमच्या खालची) खाली सोडली आणि आता कणसालाच दाणे राहतात, असं लिहिलंय. माझ्या मते क्रम उलटा झाला. दाणा फोडतो तो मुख्यतः ड्रमचा वेग. आपल्याकडे गव्हावर चालून आलेलं मशीन त्याच वेगात मक्यात घालतात, तिथेच घोळ. जाळी परत थोडी वर घ्या आणि वेग टप्प्याटप्प्याने उतरवा, कणसाला चुकार दाणे दिसू लागेपर्यंत. मग किंचित वाढवा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

मागे पडलेली कणसं उचलून बघा. अख्खी किंवा दोन तुकडे असतील तर ठीक. उभी चिरली असतील तर जाळी घट्ट, म्हणजे ड्रमच्या फार जवळ आहे.

आणि ओल? २० ते २२ टक्क्यांच्या आसपास दाणा सगळ्यात कमी फुटतो. फार ओला चेंगरतो, कडक वाळलेला तडकतो. पण मग १४ टक्क्यांपर्यंत वाळवायला खळं हवं, ते आहे का तुमच्याकडे?

ड्रायव्हरला रिकामं पळवू देऊ नका. मशीन भरून चाललं की कणसं एकमेकांवर घासून सुटतात, मार कमी बसतो.