मोबाईल काढून घेण्याआधी
वर एका काकांनी लिहिलंय, 'पोरगा आळशी झालाय, मोबाईल काढून घेतला की ताळ्यावर येईल.' काका, राग मानू नका, खानापूरला आमच्या घरीही हेच चाललं होतं. पुतण्या पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावी). कॉलेज सोडून दिवसभर माडीवर, जेवायला हाक मारली की वस्सकन अंगावर यायचा. (या वयातलं डिप्रेशन पुष्कळदा रडण्यापेक्षा चिडचिडीतूनच दिसतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक!)

बेळगावच्या थेरपिस्ट बाईंनी मोबाईलचा विषयच काढला नाही. दादाला विचारलं, 'त्याला इतकं जड होतं, तेव्हा तो तुमच्याकडे का येत नाही?' दादा गाडीच्या किल्लीशी चाळा करत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, 'मी लगेच मार्कांवर येतो, म्हणून.'

मानसशास्त्रज्ञ गाय डायमंड यांच्या अटॅचमेंट बेस्ड फॅमिली थेरपीत सुरुवातीलाच असा प्रश्न असतो. पोराला दुरुस्त करायचं राहू दे, आधी नातं सांधू, यावर आईबापांना आणायचं. चूक कुणाची हा हिशेब नाही. औषधं लागली तर तीही घ्यायचीच.

पुतण्या अजून पुरता सावरलेला नाही, पण परवा आपणहून जेवायला खाली आला.

बेळगावला जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला फोन करा, १४४१६. कन्नड येत नाही म्हणून अडायला नको, मराठीचा पर्याय आहे.